शेताचे नाटक, मुलांची फसवणूक

दिवाळीची सुटी संपली की शाळांच्या फलकांवर सहलींच्या सूचना लागतात. गेली काही वर्षे पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी त्यांत एक ठरावीक ओळ असते : ‘मुलांना शेती व ग्रामजीवनाची ओळख’. पालक ती वाचून सुखावतात. मग एका गारठलेल्या सकाळी आरामबस कृषी पर्यटन केंद्राच्या कमानीखाली येऊन थांबते. मुलांच्या कपाळाला टिळा लागतो, डोक्यावर टोपी चढते. बैलगाडीतून एक फेरी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुसरी, कुंभाराच्या चाकावर पाच मिनिटे, हुरडा, पिठले-भाकरी आणि जेवण उरकले की रेन डान्स. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘आमची सहल’ या विषयावर दहा ओळी लिहून घेतल्या जातात. त्या दहा ओळींत बैल असतो, झोपाळा असतो, पाण्याचे फवारे असतात. जेवताना खाल्लेली भाकरी ज्या ज्वारीची होती ती कोणत्या महिन्यात पेरली, कोणी राखली, काढणीला माणसे मिळाली का आणि तिला भाव काय आला, यांतले एक अक्षरही नसते. ते कोणी सांगितलेलेच नसते. अशा सहलीला ‘शैक्षणिक’ म्हणणे ही मुलांची आणि पालकांची उघड फसवणूक आहे. ती आता इतकी सर्रास झाली आहे की तिच्याकडे कौतुकाने पाहणे थांबवावेच लागेल.

केंद्र चालवणाऱ्या शेतकऱ्यांना आम्ही दोष देत नाही. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले ते शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे म्हणून, आणि ते योग्यच होते. ज्या जमिनीवर पिकाचा खर्च निघत नाही, तिथे चार पाहुणे जेवून पैसे देत असतील तर त्यात कोणाचे काय बिघडले? पाहुण्यांना हवे ते तो देतो. शाळा सहल ठरवताना त्याला विचारतात : पोहण्याची सोय आहे का? नाश्त्याला काय देणार? किती ‘ॲक्टिव्हिटी’ आहेत? ‘सध्या रानात काय उभे आहे?’ हा प्रश्न त्याला क्वचितच ऐकू येतो. दोष शाळांचा आहे, सहल हे टूर ऑपरेटरच्या पॅकेजमधून उचलण्याचे काम मानणाऱ्या शिक्षण व्यवस्थेचा आहे, आणि बसचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की निश्चिंत होणाऱ्या पालकांचाही आहे.

वास्तविक सहलींचा हंगाम आणि शिकण्याचा हंगाम यांचा इतका चांगला मेळ दुसऱ्या कुठल्या विषयात क्वचितच बसेल. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्राच्या रानात काय नसते? पहिल्या पावसावर कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये पेरलेली तूर तेव्हा कुठे शेंगांनी वाकलेली असते, म्हणजे ताटातल्या वरणाला रानात सहा महिने लागतात. हरभरा घाट्यावर येत असतो. साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. नाशिककडे उन्हाळ कांद्याची लागवड चाललेली असते, आणि वाफ्यात बसून एकेक रोप खोचणाऱ्या बायांच्या रांगा रस्त्यावरून दिसतात. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पोटऱ्यात किंवा चिकात असते. हुरडा म्हणजे हीच ज्वारी, दाणा कोवळा असताना आगटीत भाजून चोळलेली. तो दाणा ताटावर आणखी काही आठवडे राहिला असता तर त्याची भाकरी झाली असती, ही गोष्ट हुरडा खाणाऱ्या किती मुलांना कळते? हे पीक पाऊस सरल्यावर पेरतात आणि बरेचदा निव्वळ मातीत मुरलेल्या ओलाव्यावर ते उभे राहते. ते काढणे इतके कष्टाचे असते की मजूर मिळत नाही म्हणून अनेकांनी ज्वारी सोडून दिली. राज्यातले तिचे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत आले आहे. ज्वारी गेली की कडबा जातो आणि कडबा गेला की गोठ्यातल्या जनावराची वैरण जाते. हे सारे आठ वर्षांच्या मुलाला समजते. मुलांना नेमक्या अशाच साखळ्या आवडतात. सांगणारा मात्र हवा.

शेत म्हणजे फक्त हिरवे रान, हीदेखील शहरी समजूत आहे. मुंबईतल्या शाळा ‘अन्न कुठून येते’ हे दाखवायला घाट चढतात किंवा कर्जतच्या पुढे जातात. वर्सोव्याला वलांडीवर वाळणारे बोंबील त्यांना दिसत नाहीत. १८७५ मध्ये बांधलेला आणि आज मुंबईला मासळी पुरवणारा ससून डॉक दिसत नाही. वास येतो, असे कारण दिले जाते. अन्नाला वास असतो, रक्त असते, खवले असतात, चिखल असतो. दोन महिने, जून आणि जुलै, यांत्रिक मासेमारी बंद का ठेवतात, हे एखाद्या कोळणीने दहा मिनिटांत सांगितले तर निसर्गाच्या मर्यादेचा धडा वेगळा द्यावा लागणार नाही. पण शाळेला वास चालत नाही. ज्या घरांत मासे-मटण खातात तिथल्या मुलांनाही शाळा शिकवते ती भाजी-फळांची तक्त्यावरची रंगीत चित्रे.

आता मुद्द्याची गोष्ट. अन्नाचा शोध घ्यायला प्राथमिक शाळेला गावाबाहेर जाण्याचीसुद्धा गरज नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत ते रोज दुपारी पातेल्यातून वाढले जाते. पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी, त्यांतून ४५० उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिने, हे शालेय पोषण आहार योजनेचे ठरलेले माप आहे. केंद्राने १९९५ मध्ये ती सुरू केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले जेवण बंधनकारक झाले. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. तो कुठल्या राज्यात पिकला, कोणी हमीभावाने विकला, गोदामात किती दिवस राहिला, शाळेच्या पोत्यापर्यंत कसा पोचला, हा भूगोल, नागरिकशास्त्र आणि गणित यांचा मिळून एक सुंदर पाठ आहे. तो किती शाळांत घेतला जातो?

न घेतल्याचा परिणाम आपण पाहिलाही आहे. पोषण आहारात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळलेला ‘पोषणवर्धित’ तांदूळ आला तेव्हा शंभर किलोत एक किलो असे वेगळे दाणे त्यात होते. तांदळाच्याच पिठापासून यंत्रात घडवलेले हे दाणे नेहमीच्या दाण्यांहून थोडे निराळे दिसतात. पालकांनी ते वेचले, पाण्यात टाकून पाहिले आणि ठिकठिकाणी ओरड झाली की मुलांना प्लास्टिकचा तांदूळ खाऊ घालतात. अधिकाऱ्यांनी या अडाणीपणाला नावे ठेवली. आम्हाला हसू आले नाही. पालकांनी दाणा निरखून पाहिला आणि प्रश्न विचारला, हे त्यांनी बरोबरच केले. ज्यांनी उत्तर आधीच द्यायला हवे होते त्यांनी ते दिले नव्हते. या तांदळाच्या गुणदोषांवर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते असू देत, पण ताटात काय पडते याची माहिती खाणाऱ्याला नसावी, ही गोष्ट कोणत्याही बाजूने समर्थनीय नाही.

अंड्याचेही तसेच. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. त्यावर वाद झाले, अंडे नको असणाऱ्यांसाठी फळाचा पर्याय आला आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद करून लोकसहभागाकडे बोट दाखवले. या साऱ्या काळात अंडे कुठून येते, त्यात काय असते आणि ते कोणाच्या ताटात घरी येत नाही, यावर वर्गात चर्चा व्हायला हवी होती. मोठ्यांनी आपापल्या धर्म-जातीची भांडणे त्या अंड्यावरून भांडून घेतली आणि मुलांपुढून ते उचलले गेले.

आणि हे जेवण शिजवते कोण? गावातलीच एखादी बाई, महिना अडीच हजार रुपये मानधनावर. डाळ पूर्वीइतकी लवकर का शिजत नाही, या महिन्यात वांगी का स्वस्त आहेत, मुलांच्या कुठल्या डब्यात काय येत नाही, हे तिच्याइतके शाळेत कोणालाच माहीत नसते. अन्नावरच्या तासाला तिला वर्गात बोलावून खुर्ची देण्याचे एखाद्या मुख्याध्यापकाला सुचले, तर तो सहलीतल्या टिळा-टोपीपेक्षा मोठा कार्यक्रम होईल.

शहरातल्या मुलाला दूध पिशवीतून येते असे वाटते, यावर आपण चारचौघांत हसतो. पण प्रश्न आता शहरांपुरता उरलेला नाही. १९६१ मध्ये महाराष्ट्रातले २८ टक्के लोक शहरांत राहत होते, २०११ च्या जनगणनेत ते प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. उरलेल्या गावांतही शेतकऱ्याच्या पोराला बांधावर फिरकू न देण्याकडे कल आहे. ‘आमचं झालं ते झालं, पोरानं यात पडू नये’, हे वाक्य कोणत्याही पारावर ऐकायला मिळते. त्यामागचे दुखणे खरे आहे. शेतकरी आणि शेतमजुरांच्या आत्महत्यांत ज्या राज्याचे नाव वर्षानुवर्षे पहिले येते, तिथे बापाने वेगळे काय म्हणावे? पण याचा परिणाम असा की तुरीच्या शेताला लागून असलेल्या शाळेची सहलही तालुका ओलांडून वॉटर पार्कला जाते. अन्न समजून घेणे म्हणजे शेतकरी होण्याचे प्रशिक्षण घेणे, ही गफलत आधी दूर व्हायला हवी. डॉक्टर न होणाऱ्यालाही शरीराची रचना शिकवतातच.

ही गफलत जुनी आहे, आणि ती दूर करण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. पुढे सरकारी ‘बुनियादी’ शाळा गरिबांच्या दुय्यम शाळा मानल्या गेल्या. सुशिक्षितांनी आपली मुले तिथे घातली नाहीत आणि मग गरिबांनीही ती काढून घेतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांच्या मागे कुरणात जाऊन शाळा भरवली. मूल जिथे आहे तिथून शिक्षण सुरू करायचे, हा त्यामागचा साधा विचार होता. त्यांच्या नावाने आपण भाषणे करतो आणि नऊ वर्षांच्या मुलाला प्रवेशशुल्क भरून बैल पाहायला नेतो.

ज्यांना साखर कुठून येते हे पुरते ठाऊक आहे, अशी मुलेही याच राज्यात आहेत. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी उचल घेतलेल्या जोडप्यांच्या टोळ्या मुकादमामागे निघतात. एका जोडप्याला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुले सोबत जातात. फडात पहाटे तोडणी सुरू होते, मोळ्या बांधल्या जातात, गाड्या भरल्या जातात आणि कोपीत धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण थांबते. तिची शाळा मार्च-एप्रिलपर्यंत बुडते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, तरीही दरवर्षी मुले पटावरून गळत राहतात. त्याच हंगामात, त्याच रस्त्यावरून, शहरातल्या मुलांची बस गुऱ्हाळ बघायला जाते. त्यांना काकवीची चव कळते. खिडकीबाहेर उसाच्या गाडीवर बसलेली आपल्याच वयाची मुलगी शाळेत का नाही, हा प्रश्न बसमध्ये कोणी उपस्थित करत नाही. त्या एका प्रश्नाला उत्तर देता आले नाही तरी चालेल, पण तो टाळून साखरेचा धडा पुरा होतो असे मानणे हा निर्लज्जपणा आहे.

या अज्ञानाची किंमत शेवटी शेतकरीच मोजतो, म्हणून हा धोक्याचा इशारा. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हा बाजारात लाल कांदा येत होता. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोनमहिने टिकत नाही, काढला की विकावा लागतो. बंदी येताच लासलगावपासून सगळीकडे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांना लिलाव बंद पाडावे लागले. शहरात मात्र ‘कांदा स्वस्त झाला’ एवढेच ऐकू आले. कांद्याचे दोन-तीन हंगाम असतात, एक टिकतो आणि एक टिकत नाही, हे शहरातल्या किती मतदारांना माहीत होते? त्यांच्या रागाला घाबरून सरकार निर्णय घेते आणि ते मतदार कधीकाळी प्राथमिक शाळेत होते. आज हुरडा खाऊन रेन डान्समध्ये नाचणारी मुले पंधरा वर्षांनी तसेच मतदान करतील. त्यांतले काही जण धान्याच्या आयातीच्या फायलींवर सह्याही करतील.

शाळांची एक अडचण आम्ही मान्य करतो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर नवी परिपत्रके निघतात, हमीपत्रांची चळत वाढते, आणि सगळी जोखीम मुख्याध्यापकाच्या गळ्यात येते. मग तो ऑपरेटरच्या हाती काम सोपवून मोकळा होतो. पण या भीतीचे तर्कशुद्ध उत्तर जवळची सहल हेच आहे. शाळेपासून चालत वीस मिनिटांवरच्या शेतात ना नाव असते ना जलतरण तलाव. शहरातल्या शाळेला लांब जायचे असेल तर शालेय सहलींना एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. आणि हो, शाळेच्या आवारात व पन्नास मीटरच्या आत चरबी-साखर-मीठ भरलेले खाद्यपदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. अन्नाची ओळख करून घ्यायला निघालेल्या बसमध्ये वेफर्सची पाकिटे वाटणाऱ्यांनी तो एकदा डोळ्यांखालून घालावा.

नव्या शैक्षणिक धोरणातले दहा ‘दप्तराविना दिवस’ सहावी ते आठवीसाठी आहेत. राज्यात ‘आनंददायी शनिवार’ आहे, शाळांच्या परसबागा आहेत, त्यांच्या स्पर्धाही होतात. कृषी विषय शाळेत आणण्याच्या घोषणा वेगवेगळ्या सरकारांनी केल्या आहेत. नवा विषय, नवे पुस्तक आणि नवी परीक्षा आम्हाला नको. तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास पुरेसा आहे, फक्त तो परिसरात जाऊन शिकवला पाहिजे. एकाच शेतात वर्षातून दोनदा जावे, एकदा पेरणीला आणि एकदा काढणीला. त्या शेतकऱ्याला तज्ज्ञ व्याख्यात्याचे मानधन द्यावे, चहावर बोळवण करू नये. लातूर-अकोल्याच्या शाळांनी डाळ मिल पाहावी, तुरीला तेल-पाणी लावून, वाळवून ती भरडताना पाहावी. पुण्याच्या शाळांनी सकाळी मार्केट यार्डात जावे आणि शेतकऱ्याला मिळालेला भाव व आईने मंडईत दिलेला भाव वहीत शेजारी-शेजारी लिहून वजाबाकी करावी. शिक्षण विभागाने ‘शैक्षणिक’ हे विशेषण लावून मनोरंजन केंद्रांच्या सहलींना परवानगी देणे बंद करावे. मौजेची सहल जरूर काढा, मुलांना मौज हवीच, पण तिला मौजेची सहल म्हणा.

सहलीआधी शाळांची हमीपत्रे पालकांच्या हातांत येतात. सही करण्याआधी त्यांनी शाळेला लेखी विचारावे : मुले कोणते पीक पाहणार आहेत, ते पिकवणारा माणूस त्यांच्याशी किती वेळ बोलणार आहे, आणि तो बोलणारच नसेल तर या सहलीचे पैसे आम्ही कशासाठी भरायचे?